टेलरताईंच्या बाजूचं बोलणं

टेलरताईंबद्दल चार ओळी लिहून द्या, असं त्यांच्या शिवणवर्गातल्या मुलींनी मला सांगितलं तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरची पत्रंसुद्धा बायको लिहायची, मी खाली सही करायचो. दुसरं म्हणजे, मी टेलरताईंना ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचं माहेर कुठलं, मला माहीत नाही. त्यांना गाणं आवडायचं का, माहीत नाही. ज्या आजारात त्या गेल्या त्याचं नावसुद्धा मला त्या गेल्यावर कळलं. मला जे ठाऊक आहे ते बारा आठवड्यांत भिंतीआडून कानावर पडलेलं, आणि तेही निम्मं. त्यांनी कानाला हेडफोन लावलेला असायचा. पडद्यावरची माणसं काय बोलतात ते त्यांना ऐकू यायचं, आणि त्या काय बोलतात तेवढंच मला.

मी हे मुलींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, निम्मं तर निम्मं." म्हणून लिहायला बसलो आहे. चुकलंमाकलं त्यांनी दुरुस्त करून घ्यावं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखाली, टेलरताईंचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाईक उभं राहील एवढी जागा. दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याने पायरीवर बसायचं. पाटीवर दुकानाचं काहीतरी नाव होतं, पण अख्खी इमारत त्यांना टेलरताईच म्हणायची, अगदी पोस्टमनसुद्धा. दुकानाच्या वर, माझ्या समोरच्या दारात, त्या राहायच्या. घरात नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. सासूबाईंना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे त्यांचा टीव्ही आम्ही सगळेच ऐकायचो.

टेलरताईंची एक सवय होती. बोलताना त्या माणसाच्या तोंडाकडे कमी आणि खांद्यांकडे जास्त बघायच्या. नव्या माणसाला वाटे, आपल्या खांद्यावर पाल बसली आहे की काय.

या बाई विद्यापीठाच्या अर्धवेळ वर्गात पदवी करत होत्या. कपड्यांची रचना असा विषय. लेक शाळेत असताना सुरू केलेली पदवी लेक कॉलेजात गेली तरी चाललीच होती. कधी वर्षाला दोन विषय सोडवायचे, कधी एक, कधी सासूबाईंचं दुखणं निघालं की एकही नाही. असं करत अकरा वर्षं झाली होती आणि शेवटचा एकच विषय राहिला होता. मुदत बारा वर्षांची. या वर्षी तो सुटला नाही तर आधीचे सगळे विषय बाद. गावातल्या शिवणसंस्थेत त्या मदतनीस म्हणून जायच्या. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या दोन मुली तिथे शिक्षिका झाल्या होत्या, आणि या त्यांच्या मदतनीस. पदवी आली तर तिसरी शिक्षिकेची जागा यांची, असं संस्थेने सांगून ठेवलं होतं.

तो शेवटचा विषय काही वेगळाच होता. दूर कुठल्या तरी देशातल्या विद्यापीठाची मुलं आणि आपल्या विद्यापीठाची मुलं, यांचे छोटे छोटे गट करायचे. त्यांनी बारा आठवडे पडद्यावर भेटायचं, मिळून एखादी वस्तू करायची, आणि शेवटी ती कशी केली हेही लिहून द्यायचं. मार्क वस्तूलाही आणि मिळून काम कसं केलं त्यालाही. टेलरताईंच्या गटात आपल्याकडून त्या एकट्याच आणि तिकडचे तिघे. तिघेही विशीतले.

त्यांच्या घरात नेट पकडायचं नाही, जिन्याची भिंत आड यायची. माझ्याकडे मात्र होतं. दूरगावच्या मुलाने रविवारी पडद्यावर भेटता यावं म्हणून बसवून दिलेलं. रविवारची वीस मिनिटं सोडली तर ते यंत्र आठवडाभर नुसतंच लुकलुकत बसलेलं असायचं.

एक दिवस त्या दारात आल्या.

"काका, एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल."

"विचारा की."

"मंगळवार आणि गुरुवार, चार ते पाच. तुमच्या बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यात. मी माझं स्टूल घेऊन येईन."

"खुर्ची आहे माझ्याकडे."

"तुमच्या खुर्चीत बसलं की माणूस निजतो. स्टूल बरं. आणि आवाज होईल हं, आधीच सांगते. सासूबाईंमुळे माझा आवाज चढलेलाच असतो."

"काही हरकत नाही," मी म्हणालो. "मी आत असतो. मला काही ऐकू येत नाही."

हे खोटं होतं. मला सगळं ऐकू येतं, आजही येतं. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो. दोन माणसं जोडून द्यायची आणि आपण कान काढून घ्यायचा, हा तिथला नियम. तो मी नोकरीत पाळला, पण स्वतःच्या घरात ते जमेना. बायको गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालंच नव्हतं.

पहिल्या मंगळवारी टेलरताई स्टूल, वही, टेप आणि एक निळी चादर घेऊन आल्या. चादर त्यांनी माझ्या भिंतीवर पिनांनी टाचली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तुमचं कॅलेंडर तीन महिने मागे आहे, काका. त्या लोकांना वाटायचं, आपल्याकडे अजून तोच महिना चालू आहे."

तिकडच्या तिघांना त्यांनी पहिल्याच दिवशी नावं ठेवून टाकली. एक चष्मेवाली, तीच सगळं ठरवायची आणि टिपून घ्यायची. एक दाढीवाला. आणि एक झोपाळू, कारण आपल्याकडे चार वाजायचे तेव्हा तिकडे नुकतं उजाडलेलं असायचं आणि तो जांभया देत बसायचा. यांची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची यांना येत नव्हती. मग जी दोघांनाही परकी, पण थोडीथोडी येते, अशी एक भाषा त्यांनी मध्ये घेतली होती. टेलरताई तिला मधली भाषा म्हणायच्या. नोकरीमुळे मलाही ती बऱ्यापैकी कळायची. टेलरताई ती धीटपणे बोलायच्या. आधी मनात आपलं वाक्य करायचं, मग शब्दाला शब्द लावून ते मधल्या भाषेत न्यायचं. कच्च्या टाक्यांनी जोडलेल्या कापडासारखं ते वाक्य बाहेर यायचं, पण उसवायचं नाही.

गटाने ठरवलं ते असं: ज्यांचा हात वर उचलत नाही अशा माणसांसाठी शर्ट करायचा. खांदा आखडलेला, पडून मोडलेला, म्हातारपणाने धरलेला, कसाही. नेहमीच्या शर्टात असा हात घालणं म्हणजे शिक्षाच. तिकडच्यांनी पडद्यावर आराखडे काढायचे आणि टेलरताईंनी इथे प्रत्यक्ष शिवायचं.

पहिले चार आठवडे छान गेले. मी आतल्या खोलीत पेपर धरून बसलेला असायचो आणि बाहेरून टेलरताईंच्या बाजूचं बोलणं यायचं. "हो, हो." मग शांतता. "नाही, मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ते." शांतता. "अगं, तू आधी काहीतरी खाऊन ये, मग बोलू." शांतता. मग स्वतःच खो खो हसणं. मधल्या जागा मी माझ्या मनाने भरायचो. कधी बरोबर भरायच्या, कधी नाही.

चौथ्या आठवड्यात त्यांनी आपली कल्पना त्या तिघांना सांगितली. डावा खांदा आणि डावी बाही वरून पूर्ण उघडायची आणि टिचबटणांनी लावायची. म्हणजे हात उचलायलाच नको, शर्ट हातावर नुसता ठेवायचा आणि टिच टिच बंद करत जायचा. त्या दिवशी जाताना फार खुशीत होत्या.

"काका, ते काय म्हणाले माहितीये? 'फार रोचक' म्हणाले. तिघंही!"

घरी जाऊन त्यांनी ते सासूबाईंना सांगितलं. मोठ्याने सांगावं लागतं, त्यामुळे ते इमारतीला कळलं.

पाचव्या आठवड्यात चष्मेवालीने दुसराच आराखडा आणला. शर्ट समोरून अखंड आणि पाठीवर मानेपासून खालपर्यंत लांब चेन. तो नमुना टेलरताई शिवून बघतील का, असं तिने विचारलं असावं. मला ऐकू आलं ते फक्त उत्तर. टेलरताई गोड आवाजात म्हणाल्या, "बघू."

म्हणजे मधल्या भाषेत म्हणाल्या, शब्दाला शब्द लावून. आपल्या भाषेतल्या 'बघू'त काय काय असतं ते आपल्याला सांगावं लागत नाही. कापड कमी आहे आणि गिऱ्हाईक म्हणतंय पूर्ण बाही हवी, तर टेलरताई म्हणायच्या, "बघू." गिऱ्हाईक समजायचं आणि लगेच विचारायचं, "मग काय करू या?" मग त्या सांगायच्या काय करायचं ते. पण मधल्या भाषेत गेल्यावर त्या शब्दाचा अर्थ निघाला, मी ते करून बघेन. चष्मेवालीने वहीत टिपून घेतलं: पाठीवर चेनचा नमुना, पुढच्या गुरुवारपर्यंत.

गुरुवारी तिने विचारलं, झालं का. टेलरताईंना वाटलं, ही अजून मागेच लागली आहे. त्या म्हणाल्या, "बघू, बघू." त्यांच्या मते आता दोनदा 'नाही' म्हणून झालं होतं. त्या वाट बघत होत्या की आता तरी हे लोक विचारतील, मग तुमचं म्हणणं काय. तिकडचे लोक वाट बघत होते की आता तरी नमुना येईल. असे दोन आठवडे गेले. इकडे टेलरताई दुकानात बसून आपला टिचबटणांचा शर्ट शिवत होत्या. तो त्यांनी दाखवला नाही, कारण कोणी विचारलं नाही.

सातव्या आठवड्यात विद्यापीठातल्या सरांचं पत्र आलं. टेलरताई ते हातात घेऊन माझ्याकडे आल्या. आल्या तो मंगळवारही नव्हता आणि गुरुवारही नव्हता. त्या स्टुलाविना माझ्या खुर्चीत बसल्या, यावरूनच मी काय ते ओळखलं.

"वाचा," त्या म्हणाल्या.

पत्रात होतं की पलीकडच्या मुलांनी तक्रार केली आहे. कबूल केलेलं काम दोनदा मुदत उलटूनही झालेलं नाही. येत्या गुरुवारी शिवलेला कपडा पडद्यावर दिसला नाही तर 'मिळून काम' या भागात शून्य द्यावं लागेल, आणि त्या भागात शून्य म्हणजे विषयात नापास.

"कबूल केलेलं!" टेलरताईंचा आवाज चढला. "मी कधी कबूल केलं? मी सरळ नाही म्हटलं होतं! एकदा सोडून दोनदा! अकरा वर्षं काका, अकरा वर्षं. आणि ही काल जन्मलेली पोरगी माझ्या नावाने बोंब मारतेय की मी शब्द फिरवला."

मी पत्राची घडी घातली. पुन्हा उघडली. पुन्हा घातली. ऐकलेलं बोलून दाखवायची वेळ नोकरीत कधी आली नव्हती. शेवटी म्हणालो, "तुम्ही नाही म्हटलं नव्हतंत."

"काय?"

"तुम्ही 'बघू' म्हणालात. दोन्ही वेळा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खांद्याकडे नाही, तोंडाकडे.

"तुम्हाला ऐकू येत नाही म्हणाला होतात ना?"

"येतं."

"सगळं?"

"तुमच्या बाजूचं."

मला वाटलं, आता या उठतील, भिंतीवरची चादर काढतील आणि जातील. मी जमिनीकडे बघत बसलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी मी सासूबाईंबद्दल जे बोलले ते पण?"

"ते सगळ्या इमारतीने ऐकलं."

त्या हसल्या. हसू आलं म्हणून पुन्हा चिडल्या. "पण बघू म्हणजे नाहीच ना हो? शेंबड्या पोरालाही कळतं."

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. बायकोशिवाय कोणालाच सांगितली नव्हती. एक्स्चेंजमधलं माझं पहिलं वर्ष. एका बाईंनी दूरच्या गावचा नंबर मागितला. ती लाइन सकाळपासून बंद होती, दुपारपर्यंत सुरू होणार नव्हती, मला माहीत होतं. पण तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, "बघतो." माझ्या मनात ते 'नाही'च होतं. पाळी संपवून उठताना पाहिलं तर त्या बाईंचा दिवा बोर्डावर तसाच लागलेला. पावणेदोन तास त्या रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या. मी 'बघतो' म्हणालो होतो, म्हणून.

"आणि त्या तर आपल्याच भाषेतल्या होत्या," मी म्हणालो.

पदराला सुई लावलेली असावी तसा हात छातीशी नेऊन टेलरताईंनी उगाचच चाचपून पाहिलं.

"मग त्यांना सरळ नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मला येत नाही हो ते. मी कोणाला म्हटलेलंच नाही. गिऱ्हाइकाला नाही, घरात नाही. तुम्ही असं करा काका, मला काहीतरी विचारत राहा. मी नाही म्हणते. सवय होईल."

"आत्ता?"

"मग कधी?"

मी विचार केला. "चहा घेणार?"

"बघ... नाही."

"माझ्या पँटला तीन दिवसांत खालून पट्टी लावून मिळेल?"

"बघ... नाही! तीन दिवसांत नाही, सोमवारी मिळेल. कारण हातात दुसरं काम आहे."

"कारण सांगितलंत ते बरं वाटलं," मी म्हणालो. "नुसतं 'नाही' मनाला लागलं असतं."

"हो का?" त्यांनी वही ओढली आणि लिहून घेतलं: नाही म्हणायचं, लगेच कारण, मग काय जमेल ते.

चहा त्यांनी शेवटी घेतलाच.

गुरुवारी साडेतीनलाच त्या आल्या. हातात शर्ट होता. फिकट राखाडी, बारीक चौकडीचा. डाव्या बाजूला मानेपासून मनगटापर्यंत टिचबटणांची रांग, अकरा. मी मोजली. शिलाई इतकी सरळ होती की कुठे उघडतो ते बंद असताना दिसत नव्हतं.

"छान झालाय," मी म्हणालो. "आता हँगरला लावून दाखवा."

"हँगरला हात नसतो, काका." त्या शर्ट झटकत म्हणाल्या. "डावा खांदा किती दिवस धरलाय?"

"कसला खांदा?"

"मला डोळे आहेत. दोन वर्षं तुम्ही तोच एक ढगळ शर्ट घालता, तीन दिवसाआड धुता. आणि घालताना तुम्हाला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. बेल वाजवल्यावर दार उघडायला लागतो तेवढा. हा तुमच्या मापाचा आहे."

"माप कधी घेतलंत?"

"सात आठवडे तुमच्या घरात बसतेय की."

पडद्यासमोर, तीन परक्या मुलांपुढे, बनियनवर. मी म्हणालो, "बघू."

"आता तुम्ही सुरू करू नका!" त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी हेडफोन लावला नाही. आवाज मोकळा ठेवला. त्यामुळे त्यांच्या पलीकडची बाजू मी पहिल्यांदाच ऐकली. मनात मी चष्मेवालीचा आवाज करारी केला होता. प्रत्यक्षात तो बारीक होता, सर्दी झाल्यासारखा. ती घाबरलेली वाटली. टेलरताईंनी वही उघडली आणि बसल्या बसल्या ताठ झाल्या.

"आधी एक सांगते," त्या मधल्या भाषेत म्हणाल्या. "पाठीवर चेन मी शिवणार नाही. कारण ती दुसऱ्या कोणीतरी लावावी लागते. मी मागे 'बघू' म्हणाले, ते 'नाही' होतं. आमच्याकडे बघू म्हणजे बहुतेक वेळा नाही. मी स्पष्ट बोलायला हवं होतं. चूक माझी."

मग दाढीवाला म्हणाला, "मग आम्हालाही एक सांगायचं आहे. तुम्ही टिचबटणांचं बोललात तेव्हा आम्ही फार रोचक म्हणालो."

"हो, म्हणालात की!"

"आमच्याकडे फार रोचक म्हणजे आवडलं नाही."

टेलरताईंचं तोंड उघडंच राहिलं. मग आपल्या भाषेत, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि मी सासूबाईंना सांगून बसले!"

त्यांना का आवडलं नव्हतं तेही निघालं. एका हाताने अकरा बटणं लागणारच नाहीत, असं त्यांना वाटत होतं.

टेलरताईंनी स्टूल बाजूला केलं आणि मला हाताने खूण केली.

मी जाऊन बसलो. कुठे बघायचं ते कळेना, म्हणून पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या छोट्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिलो. शर्ट मांडीवर पसरला. उजवा हात नेहमीसारखा घातला. मग पाठीमागचा भाग उजव्या हाताने ओढून घेतला, डावा हात तसाच मांडीवर पडू दिला आणि उघडी बाही त्याच्यावर पांघरली. मनगटापासून सुरुवात केली. टिच. दुसरं जरा चुकलं, पुन्हा केलं. टिच. टेलरताई बाजूला उभ्या होत्या. मदतीला पुढे येऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. खांद्याजवळची दोन बटणं दिसत नाहीत, ती चाचपून लावावी लागली. तोपर्यंत पलीकडून कोणी एक शब्द काढला नाही. मला वाटलं, लाइन तुटली.

शेवटचं बटण लागलं. टिच.

लाइन चालू होती. चष्मेवालीने आता मला विचारलं, "आणि पाठीवर चेन असती तर?"

"घरात मी एकटाच असतो," मी म्हणालो. मधल्या भाषेत एवढंच जमलं.

ती खाली बघून काहीतरी लिहू लागली. बराच वेळ लिहीत होती. मग मान वर करून तिने विचारलं, "शर्ट तुम्हाला आवडला का?"

मी एवढा गोंधळलो होतो की सवयीने म्हणून गेलो, "बघू."

झोपाळू सगळ्यात आधी हसला. तो जागा होता हे तेव्हा कळलं. चष्मेवालीने चष्मा वर सरकवला आणि अगदी गंभीरपणे टेलरताईंना विचारलं, "हे कुठलं बघू?"

टेलरताईंनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. "हे 'हो'वालं आहे," त्या म्हणाल्या.

पुढचे आठवडे मी आतल्या खोलीत गेलो नाही. बाहेरच, जरा लांब, पेपर धरून बसायचो. शर्टात त्यांनी आणखी दोन बदल केले. खांद्याजवळची बटणं जरा पुढे घेतली, ती कल्पना झोपाळूची. शेवटच्या लिखाणात त्यांनी एक पान वेगळं जोडलं. एका बाजूला बघू, एका बाजूला फार रोचक, आणि प्रत्येकापुढे तो शब्द ऐकल्यावर पुढे काय विचारायचं ते. चष्मेवालीने स्वतःच सरांना लिहून कळवलं की तक्रार मागे घेतली आहे.

टेलरताई पास झाल्या. मार्क मधलेच होते. सरांनी शेरा मारला होता: काम उत्तम, मुदतीचं भान कमी. तो शेरा त्यांनी दुकानात मशीनच्या वर चिकटवला आणि कपडे उशिरा मिळालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत राहिल्या, "बघा, विद्यापीठानेच लिहून दिलंय."

संस्थेत जागा मिळाली. दुकान बंद झालं, घरही पुढे गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. भिंतीवरची निळी चादर त्या काढून घेऊन गेल्या, पिना माझ्याकडेच राहिल्या. त्यानंतरची चार वर्षं त्या शिक्षिका होत्या. ती वर्षं त्यांच्या वर्गातल्या मुलींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वर्गात कोणी बघू म्हटलं की बाई तास थांबवायच्या, असं मुलींनी मला सांगितलं. मला त्याचं नवल वाटलं नाही.

माझ्याकडे त्या दोन-तीन महिन्यांनी एखादी चक्कर टाकायच्या. पाच मिनिटं, उभ्या उभ्या. शेवटच्या वेळी आल्या तेव्हा थोड्या उतरलेल्या दिसल्या. मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं. मी तोच राखाडी शर्ट घातला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे खांद्याकडे पाहिलं. तो शर्ट अजून तसाच आहे, वरचं बटण नसलेला. मी तो दुरुस्तीला पाठवला नाही. आज-उद्या करत राहिलो. आमचं जे शेवटचं बोलणं झालं ते त्यावरूनच, आणि ते पूर्ण आहे, दोन्ही बाजूंचं.

"काका, वरचं टिचबटण गेलंय."

"हो का? असू दे."

"असू दे काय? शर्ट पाठवून द्या संस्थेत, मी लावून देते."

"बघू."

"हे कुठलं?"

"'हो'वालं."

"मग हो म्हणा ना सरळ."

"हो."